हरभरा, सोयाबीन आणि एकवीस अक्षरांची चिठ्ठी

नर्मदेच्या खोऱ्यात, जबलपूर आणि नरसिंहपूर यांच्या दरम्यानच्या काळ्या जमिनीत, शेतीची एक पद्धत पूर्वापार चालत आली आहे. तिला ‘हवेली’ म्हणतात. शेताला चहूबाजूंनी उंच बांध घालावयाचे, पावसाळ्याचे पाणी त्यात कोंडून ठेवावयाचे, आणि पाऊस सरल्यावर बांध फोडून ते सोडून द्यावयाचे. मग त्या मुरलेल्या ओलीवर गहू व हरभरा पेरला जातो. पीक बहुतांशी त्या ओलीवरच वाढते.

अशा शेतातील हरभऱ्याचे एखादे हिरवेगार रोप एकाएकी मान टाकते. पाने अजून गळालेली नसतात. बुंध्यावर जखम दिसत नाही. पण रोप मेलेले असते. ते उपटून त्याचे मूळ उभे चिरले, तर आतील काष्ठभागात काळसर-तपकिरी रेषा आढळते. हाच मर रोग होय. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळांवाटे शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या निकामी करते. शेतात हरभरा पेरला नाही तरी ही बुरशी मातीत सहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ तग धरते. म्हणजे एक-दोन वर्षे पीक पालटून शेतकऱ्याची तीतून सुटका होत नाही. त्याचा खरा आधार एकच: ज्याला हा रोग बाधत नाही असे बियाणे.

मग प्रश्न असा उभा राहतो की, एकाच मातीत शेजारी शेजारी वाढणाऱ्या दोन वाणांपैकी एक मरतो आणि दुसरा टिकतो, हे का? याचे उत्तर शोधताना विज्ञानाला गेल्या तीस वर्षांत जे एक अनपेक्षित दालन सापडले, त्याचा परिचय या लेखात करून द्यावयाचा आहे.

जबलपूरची बियाणी

जबलपूरच्या आधारताल भागात जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. त्याची स्थापना १९६४ साली झाली. १९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ हे एकाच प्रांतात होते व त्यांची राजधानी नागपूर होती. राज्ये वेगळी झाली, तरी बियाण्यांचे नाते तुटले नाही. ‘जे.एस. ३३५’ हा सोयाबीनचा वाण विदर्भ-मराठवाड्यातील कोणत्या शेतकऱ्यास ठाऊक नाही? तो याच विश्वविद्यालयाचा. १९९४ साली तो प्रसारित झाला आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्या शेतांवर त्याचे राज्य होते.

हरभऱ्याच्या बाबतीत जबलपूरची दोन नावे संशोधकांच्या तोंडी नेहमी येतात. पहिले ‘जे.जी. ६२’. हा वाण मर रोगास हमखास बळी पडतो, आणि म्हणूनच तो मोलाचा आहे! शेतात बुरशी खरोखर आहे की नाही, हे पाहण्यासाठी संशोधक त्याच्या ओळी मुद्दाम पेरतात. तो मेला म्हणजे परीक्षा खरी झाली असे समजावयाचे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेत एम. पी. हवारे आणि वाय. एल. नेने यांनी १९८२ साली दहा वाणांचा एक संच वापरून या बुरशीच्या चार जाती भारतात असल्याचे दाखविले. त्या संचात जबलपूरचा ‘जे.जी. ६२’ होता, आणि महाराष्ट्रातील जुना ‘चाफा’ हरभराही होता.

दुसरे नाव ‘आय.सी.सी. ४९५८’. हा वाणही मूळ जबलपूरचा. याची मुळे भरघोस असतात व अवर्षणात तो टिकून राहतो. २०१३ साली हरभऱ्याच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. त्यांतील काबुली हरभऱ्याचे वाचन एका कॅनेडियन वाणावर झाले. देशी हरभऱ्यासाठी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेने निवडला तो हाच ‘आय.सी.सी. ४९५८’. त्यात २७,५७१ जनुके मोजली गेली.

जनुकांची यादी हाती आली म्हणजे कोडे सुटले, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण तसे घडले नाही. रोगाशी झुंजणारी पुष्कळशी जनुके रोगास बळी पडणाऱ्या वाणांतही असतात. तेव्हा जनुक आहे की नाही, एवढे पाहून भागत नाही; ते केव्हा बोलते आणि केव्हा गप्प राहते, हेही पाहावे लागते.

दप्तर, नक्कल आणि चिठ्ठी

पेशीचा कारभार तलाठ्याच्या दप्तरासारखा आहे. मूळ नोंदवही, म्हणजे डी.एन.ए., दप्तराबाहेर जात नाही. काम पडले की हव्या त्या पानाची नक्कल निघते. ही नक्कल म्हणजे निरोप्या आर.एन.ए. ती पेशीच्या कारखान्यात जाते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. बराच काळ शास्त्रज्ञ असे समजत होते की, कारभार आवरावयाचा तर नक्कल काढणेच थांबवावे लागते. पण निघालेली नक्कल वाटेतच रद्द करणारी एक चिठ्ठी पेशीत असते, हे पुढे उघडकीस आले. ही चिठ्ठी म्हणजेच सूक्ष्म आर.एन.ए. तिची लांबी साधारणतः एकवीस अक्षरे. कधी एक-दोन कमी, कधी थोडी अधिक.

हा शोध प्रथम वनस्पतीत लागला नाही. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकून यांना तो १९९३ साली मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीत लागला. त्या वेळी ते त्या कृमीचेच वैशिष्ट्य असावे असे मानले गेले. २००० साली तसाच दुसरा आर.एन.ए. माणसासह अनेक प्राण्यांत आढळला, आणि २००२ साली वनस्पतींतही सूक्ष्म आर.एन.ए. असल्याचे सिद्ध झाले. या दोघा शास्त्रज्ञांना २०२४ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

वनस्पतीतील या चिठ्ठीचा जन्म मोठा कुतूहलजनक आहे. प्रथम आर.एन.ए.ची एक लांब पट्टी तयार होते. या पट्टीतील दोन भाग परस्परांस पूरक असल्यामुळे ती मधोमध दुमडते आणि केसात खोवण्याच्या आकड्याप्रमाणे तिचा आकडा बनतो. मग ‘डायसर’ जातीचे एक विकर त्या आकड्यातून एकवीस अक्षरांचा दुहेरी तुकडा कापून काढते. त्यातील एक धागा ‘आर्गोनॉट’ नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो. त्याचा जोडीदार सहसा नष्ट होतो. हे प्रथिन आता चिठ्ठी हाती घेतलेल्या शिपायासारखे फिरते, आणि चिठ्ठीतील अक्षरांशी ज्या नकलेची अक्षरे जुळतील ती कापून टाकते. काप कोठे बसावयाचा हेही ठरलेले असते: चिठ्ठीच्या दहाव्या व अकराव्या अक्षरांसमोर.

प्रत्यक्ष उदाहरणच पाहू. ‘मिर-१६६’ नावाच्या सूक्ष्म आर.एन.ए.ची अक्षरे अशी आहेत:

यू सी जी जी ए सी सी ए जी जी सी यू यू सी ए यू यू सी सी सी सी

ए-ची जोडी यू-शी आणि जी-ची सी-शी, एवढा नियम ध्यानात ठेवला म्हणजे तिच्या समोर बसणारी अक्षरे कोणासही लिहिता येतील:

ए जी सी सी यू जी जी यू सी सी जी ए ए जी यू ए ए जी जी जी जी

शेवाळापासून हरभऱ्यापर्यंत दूरदूरच्या वनस्पतींत ही चिठ्ठी जवळजवळ जशीच्या तशी सापडते. पानाची वरची व खालची बाजू ठरविणाऱ्या आणि वाहक नळ्यांच्या घडणीत भाग घेणाऱ्या जनुकांना ती लगाम घालते. मेडिकागो या घासवर्गीय द्विदल वनस्पतीत ही चिठ्ठी प्रमाणाबाहेर तयार होऊ दिली, तेव्हा तिची उपमुळे आणि मुळांवरील गाठी, दोन्ही कमी झाल्या.

संगणक कशासाठी?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हरभऱ्याच्या जनुकसंचात सुमारे ७४ कोटी अक्षरे आहेत. त्यांतून एकवीस अक्षरांच्या चिठ्ठ्या हाताने शोधणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून हे काम संगणकाकडे आले. त्याचे टप्पे मात्र कोणासही समजण्याजोगे आहेत.

पहिला टप्पा साम्याचा. दुसऱ्या वनस्पतींत सापडलेल्या चिठ्ठ्यांची एक सार्वजनिक नोंदवही आहे. ‘मिरबेस’ हे तिचे नाव. तिच्यातील प्रत्येक चिठ्ठी हरभऱ्याच्या अक्षरमालेवरून फिरवून पाहावयाची आणि जुळणारी ठिकाणे टिपून ठेवावयाची.

येथे एक धोका आहे, आणि तो साध्या गुणाकाराने कळतो. चार अक्षरांपासून एकवीस अक्षरी शब्द सुमारे ४ लाख ४० हजार कोटी बनतात. जनुकसंचाचे दोन्ही धागे मिळून १४८ कोटी जागा होतात. अक्षरे निव्वळ योगायोगाने मांडली आहेत असे क्षणभर धरले, तर एखादा ठरावीक शब्द तेथे तंतोतंत सापडण्याचा संभव तीन हजारांत एक एवढाच आहे. तेव्हा तंतोतंत साम्य सापडले तर ते बहुधा अर्थपूर्ण असते. परंतु दोन जातींच्या वनस्पतींत एखाद-दुसरे अक्षर बदललेले असणारच, म्हणून थोडी सूट द्यावी लागते. तीन अक्षरांपर्यंतची चूक चालवून घेतली, तर त्या शब्दाची ३७,८६४ रूपे ग्राह्य ठरतात आणि निव्वळ योगायोगाने जुळणारी ठिकाणे सुमारे १३ होतात. चार चुका चालवून घेतल्या तर ती १७५ च्या आसपास जातात! एका अक्षराची सवलत, आणि खऱ्याच्या शेजारी खोट्यांची रांग. म्हणून केवळ साम्यावर विसंबता येत नाही.

दुसरा टप्पा घडीचा. जुळलेल्या ठिकाणाच्या आजूबाजूची अक्षरे घेऊन त्यांचा आकडा बनतो का, हे पाहावयाचे. शंभर अक्षरांच्या पट्टीच्या घड्या असंख्य प्रकारांनी पडू शकतात. त्या एकेक करून तपासणे संगणकासही परवडत नाही. येथे १९७८ साली रूथ नुसिनॉव्ह यांनी आणि १९८१ साली झुकर व स्टीग्लर यांनी सुचविलेली युक्ती उपयोगी पडते. लहान तुकड्याची उत्तम घडी आधी काढावयाची, तिचे उत्तर कोष्टकात लिहून ठेवावयाचे, आणि त्या उत्तरांवरून मोठ्या तुकड्याची घडी रचावयाची. ज्या घडीची ऊर्जा सर्वांत कमी, ती सर्वांत स्थिर.

परंतु आकडे तर जनुकसंचात जागोजाग बनू शकतात. बाभळीला काटे असतात त्याप्रमाणे. म्हणून तिसरा टप्पा येतो तो साक्षीचा. रोपातील लहान आर.एन.ए. प्रत्यक्ष वेगळे काढून यंत्राने वाचले जातात. लक्षावधी तुकड्यांचे हे वाचन संगणक जनुकसंचावर मांडतो. खऱ्या चिठ्ठीच्या आकड्यावर हे तुकडे कसेही विखुरलेले नसतात. ते नेमके दोन जागी, चिठ्ठीच्या आणि तिच्या जोडीदाराच्या जागी, दाटलेले असतात. २०१८ साली अनेक तज्ज्ञांनी मान्य केलेल्या निकषांप्रमाणे आकड्यावरील निदान पाऊणशे टक्के तुकडे या दोन जागांवरच असले पाहिजेत, आणि जोडीदाराचा पुरावाही मिळाला पाहिजे.

चौथा टप्पा लक्ष्याचा. चिठ्ठी कोणत्या नकलेवर चालते, याचा अंदाज संगणक अक्षरांच्या जुळणीवरून बांधतो. अंदाज खरा असेल, तर रोपात त्या नकलेचे तुकडे सापडावयास हवेत, आणि त्यांची तुटलेली कड दहाव्या-अकराव्या अक्षरांसमोरच पडावयास हवी. ती तेथे पडली, म्हणजे अंदाजाचे प्रमाण झाले.

हरभऱ्याने काय सांगितले?

२०१४ साली नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्रातील संशोधकांनी हरभऱ्याच्या तीन प्रकारच्या रोपांतील लहान आर.एन.ए. वाचले: निरोगी, मर रोगाची बुरशी दिलेली, आणि खारट पाण्याचा ताण दिलेली. इतर वनस्पतींत आधीच ठाऊक असलेल्या १२२ चिठ्ठ्या त्यांना मिळाल्या. त्या २५ कुलांतील होत्या. शिवाय ५९ नव्या मिळाल्या. ‘मिर-५३०’ ही चिठ्ठी बुरशीच्या संसर्गानंतर पुष्कळच वाढलेली दिसली. अनेक चिठ्ठ्या बुरशी आणि खार या दोन्ही संकटांत एकाच रीतीने वागल्या. आणि वर जिची अक्षरे दिली आहेत त्या ‘मिर-१६६’चे लक्ष्य प्रयोगाने पडताळून पाहण्यात आले.

द्विदल वनस्पतींतील आणखी एका शोधाने या विषयाला वेगळी दिशा दिली. २०११ साली मेडिकागोच्या अभ्यासात असे आढळले की, काही मोजक्या चिठ्ठ्या, त्यांत ‘मिर-२११८’ ही एक, रोगरक्षक जनुकांच्या फार मोठ्या समूहास आवरून धरतात. रोपाने आपल्याच रक्षकांना का दाबून ठेवावे? याचे एक सयुक्तिक कारण असे की, रक्षक सदैव हत्यार उपसून उभे राहिले तर रोपाची वाढ खुंटते. शत्रू नसताना त्यांना बसवून ठेवावयाचे आणि शत्रू येताच मोकळे सोडावयाचे, हीच घरची काटकसर आहे. मात्र लगाम वेळेवर सुटला नाही, तर रक्षक असूनही रोप मरेल. रोगप्रतिकाराचा विचार करताना जनुकांच्या जोडीने त्यांच्या लगामांचाही विचार करावा लागतो, तो यासाठी.

सोयाबीनचा पिवळेपणा

जबलपूरच्या ‘जे.एस. ३३५’ या वाणास एक उणेपणा आहे. पांढऱ्या माशीने पसरविलेल्या पिवळ्या मोझॅकला तो बळी पडतो. या रोगात पानांवर पिवळे ठिपके पडून ती सबंध पिवळी होतात व शेंगा भरत नाहीत. विषाणूविरुद्ध वनस्पती दुसऱ्या प्रकारचे लहान आर.एन.ए. वापरते. विषाणूच्याच आर.एन.ए.चे ती तुकडे करते, आणि चोराच्या वर्णनाचे पत्रक गावभर वाटावे त्याप्रमाणे ते तुकडे वापरून विषाणूची पुढील अक्षरे ओळखून नष्ट करते.

मग ‘जे.एस. ३३५’ का हरतो? २०११ साली दिल्लीच्या जीनोम संस्थेतील संशोधकांनी त्याची तुलना पंतनगरच्या ‘पी.के. ४१६’ या रोगास दाद न देणाऱ्या वाणाशी केली. तुकडे दोघेही करीत होते. भेद होता तो तुकडे कोठले, यात. रोगक्षम वाणात विषाणूच्या नियंत्रक भागावरील, म्हणजे जेथून त्याच्या जनुकांना चालना मिळते तेथील, तुकडे अधिक होते, आणि तो भाग रासायनिक खुणा पडून मुका झालेला होता. बळी पडणाऱ्या वाणात तुकड्यांचा भर विषाणूच्या प्रथिने बनविणाऱ्या भागांवर होता. शत्रू तोच, शस्त्र तेच. पण एकाने घाव मुळावर घातला, दुसऱ्याने फांद्यांवर.

जबलपूरच्या विश्वविद्यालयाने पुढे ‘जे.एस. २०-२९’ आणि ‘जे.एस. २०-३४’ असे वाण दिले, ज्यांत या रोगास तोंड देण्याची शक्ती अधिक आहे. ते निवडीच्या व संकराच्या जुन्या मार्गाने आले, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सूक्ष्म आर.एन.ए.चे ज्ञान त्या मार्गाची जागा घेण्यासाठी नाही. कोणता गुण कशामुळे टिकतो हे सांगून निवड डोळस करावी, एवढेच त्याचे काम आहे.

पानाची चिठ्ठी मुळाला

कडधान्यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतील जिवाणू हवेतील नत्र रोपाला मिळवून देतात, हे शाळेतील मुलांसही ठाऊक असते. पण या पाहुण्यांना साखर पुरवावी लागते. म्हणून गाठी किती होऊ द्यावयाच्या याचा हिशेब रोप ठेवते. हा हिशेब मुळाला एकट्याला करता येत नाही. लोटस नावाच्या द्विदल वनस्पतीत २०१८ साली दिसून आले की, ‘मिर-२१११’ ही चिठ्ठी पानांत तयार होऊन खाली मुळांपर्यंत प्रवास करते आणि गाठींना विरोध करणाऱ्या एका जनुकाची नक्कल रद्द करते. चिठ्ठी येत आहे तोवर मूळ जिवाणूंचे स्वागत करते. पुरेशा गाठी झाल्या की मुळाचा निरोप वर जातो, पान चिठ्ठ्या धाडणे आवरते घेते आणि स्वागत थांबते.

पुढील वर्षी, २०१९ साली, याहून नवलाची गोष्ट कळली. सोयाबीनच्या गाठींतील जिवाणूंचे स्वतःचे लहान आर.एन.ए. रोपाच्या पेशीत शिरून रोपाच्याच विभागात काम करतात, आणि त्यायोगे गाठींची संख्या वाढते. म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या दप्तरात बसून चिठ्ठ्या लिहाव्यात, तसा हा प्रकार!

खऱ्या-खोट्याची पारख

इतके वाचून कोणास वाटेल की, संगणकाने यादी काढावी आणि शास्त्रज्ञाने ती छापावी. काही काळ तसेच घडले, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. २०१४ साली ब्रिटनमधील संशोधकांनी ‘मिरबेस’मधील वनस्पतींच्या नोंदी पुनश्च तपासल्या, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश नोंदींना आणि पाऊणशे टक्के कुलांना खात्रीलायक पुरावा नसल्याचे आढळून आले. घाईने घातलेली एक खोटी नोंद पुढील संशोधक आधार म्हणून घेतो, तिच्याशी साम्य शोधतो, आणि एकाच्या दहा होतात. सातबाऱ्यावर एकदा चुकीचे नाव चढले तर ते उतरविण्यास किती खेटे घालावे लागतात, हे खेड्यातील वाचकांस सांगावयास नको.

म्हणून संगणकाचे उत्तर हा निवाडा नव्हे. ती फिर्याद आहे. तिची चौकशी रोपातच व्हावयाची. लक्ष्य कापले जाते का? चिठ्ठी वाढविली वा घटविली तर रोपाचे वागणे पालटते का? आणि शेवटी, रोगट मातीत ते रोप उभे राहते का? हा शेवटचा प्रश्न शेतातच सुटतो, आणि त्याला एकेक हंगाम लागतो.

जबलपूरच्या प्रक्षेत्रावर संशोधक आजही रोगग्रस्त मातीत ‘जे.जी. ६२’च्या ओळी पेरून पाहू शकतो, की परीक्षा खरी आहे किंवा नाही. त्या मरणाऱ्या ओळीच्या शेजारी उभे राहणारे रोपच शेतकऱ्याच्या कामाचे. एकवीस अक्षरांची चिठ्ठी वाचावयाची ती अखेर या रोपासाठीच.